डोक्याला डोकं

बोंबील टांगायला दोन लागतात. एकटा बोंबील दोरीवर टिकत नाही, घसरतो. म्हणून एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, जबड्यात जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची. एक या अंगाला लोंबतो, एक त्या अंगाला. चिंचणीच्या किनाऱ्यावर हे कोणी कोणाला शिकवत नाही. पोर आईच्या शेजारी बसायला लागते आणि दुधाचे दात पडायच्या आत तिच्या हाताला ते येतं.

भाविनीच्या हाताला ते साडेतीन वर्षांची असतानाच आलं होतं, असं तिची आई वेणू सगळ्यांना सांगायची. हल्ली मात्र वेणूला सांगायला त्याहून मोठं काही मिळालं होतं. भाविनी मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि तिने म्हणे असा काही शोध लावला होता की तो परदेशात छापून येणार होता. कसला शोध, ते वेणूला विचारू नये. तरी ती डहाणूच्या मासळी बाजारात सांगायची, तलासरीच्या आठवडे बाजारात सुके बोंबील मोजता मोजता वेवजी गावच्या गिऱ्हाइकांनाही सांगायची, "माझ्या पोरीने लोखंडाला उलटं वागायला लावलं." लोखंड नव्हतं ते, टंगस्टन होतं, बल्बच्या तारेत असतं ते. पण बोंबील घ्यायला आलेलं गिऱ्हाईक एवढ्या तेवढ्यावरून कशाला भांडेल?

डिसेंबरातला मंगळवार होता. भाविनी चार दिवसांसाठी घरी आली होती आणि खरं सांगायचं तर हवेत होती. का नसावी? येत्या गुरुवारी शोधनिबंध प्रसिद्ध होणार होता. त्याच मंगळवारी दुपारी चारला तिचे मार्गदर्शक रवींद्र सर बेंगळुरूच्या परिषदेत त्यावर व्याख्यान देणार होते. आणि त्याच निबंधाच्या जोरावर तिला जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत मार्चपासून जागा मिळाली होती. सहा वर्षं रखडलेली गाडी एकदम रुळावर आली होती.

बाबांची बोट पहाटे लागली होती. ते जेवून आडवे झाले होते आणि वेणू, भाविनी आणि शेजारची बायजी अशा तिघी वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील घालत होत्या. वारा कोरडा सुटला होता. बायजीला गप्प बसवत नाही, तिने विचारलंच.

"शोध शोध म्हणतात सगळे. काय लावलास तो सांग तरी गो."

भाविनीने टोपलीतून दोन बोंबील उचलले. "मावशी, तारेतून वीज जाते म्हणजे बारीक कण पळतात. त्यांच्यात दोन जाती. एक असा फिरणारा, एक तसा फिरणारा." तिने बोंबील बोटांत फिरवून दाखवले. "साध्या धातूत दोघं एकत्र पळतात. पण धातू जड असला, प्लॅटिनम किंवा टंगस्टन, तर पळता पळता त्यांची फाटाफूट होते. एक जात या अंगाला जाते, दुसरी त्या अंगाला. त्याला स्पिन हॉल परिणाम म्हणतात."

"म्हणजे हे दोरीवरचे बोंबील."

"तसंच. आणि अंगाला जमलेली ही गर्दी शेजारच्या चुंबकाला ढकलते. वर तोंड असलं तर खाली करते. त्यातून उद्या कम्प्युटरची मेमरी बनते. आता प्लॅटिनममध्ये जी जात डावीकडे जाते ती टंगस्टनमध्ये उजवीकडे जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी काय केलं, टंगस्टनचा पातळ थर भट्टीत तापवला. तापवल्यावर जोर कमी होतो एवढं लोकांना माहीत होतं. माझ्या थरात बाजूच बदलली! टंगस्टन प्लॅटिनमसारखं वागलं."

बायजीने जरा विचार केला. "तापवून बाजू बदलते? बोंबील तळला तरी त्याचं तोंड तोंडाच्याच जागी राहतं बाय."

वेणू खो खो हसली. भाविनीपण हसली. हसता हसता तिचे हात चालूच होते. पहिल्याचं तोंड उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे, जबड्यात जबडा, टाक दोरीवर. पहिल्याचं तोंड उजवीकडे, दुसऱ्याचं डावीकडे.

आणि तिचे हात थांबले.

प्रयोगशाळेत तिची एक तांब्याची पट्टी होती, वीतभरही नाही, आणि पट्टीच्या मधोमध एक उभा कणा. कण्याच्या डावीकडे एक चिप बसवायची, उजवीकडे एक. चिप म्हणजे नखाएवढा तुकडा, त्यावर धातूचा थर आणि थराला लागून ते ढकलायचं बारीक चुंबक. डावीकडे न तापवलेली, उजवीकडे तापवलेली, कायम असंच. दोन्ही एकदम यंत्रात गेल्या की वेळ वाचतो. प्रत्येक चिपच्या एका टोकाला सोन्याचा ठिपका असतो. ते चिपचं डोकं. एक नंबरची तार डोक्याला जोडायची, दोन नंबरची शेपटाला, आणि करंट नेहमी डोक्याकडून शेपटाकडे जाणार. बाहेर एक मोठं चुंबक, त्याची दिशा ठरलेली. दोन्ही चिपांची डोकी एकाच बाजूला असली पाहिजेत, यात विशेष सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून तर ते कोणी कधी सांगितलं नव्हतं.

डोकी एकाच बाजूला होती का?

तिने आठवून पाहिलं. आठवेना. अकरा जोड्या तिने बसवल्या होत्या, प्रत्येक वेळी भिंग डोळ्याला लावून, श्वास धरून, पण डोकं कुठे ठेवलं हे तिला एकदाही आठवत नव्हतं. विचार करून केलेलं काम माणसाला आठवतं. हे हातांनी केलं होतं.

समजा उजवीकडची चिप उलटी बसली असेल. मग तिच्यातला करंट उलट्या दिशेने पळणार, बाहेरचं मोठं चुंबक मात्र तिथेच. उत्तर उलटं येईल नाही तर काय होईल? भट्टीचा त्यात संबंधच नाही. आणि कोणाला संशयही येणार नाही, कारण चिपवरच्या चुंबकाचं तोंड वर आहे की खाली हे सांगणारं व्होल्टेज चिप फिरवली तरी तेच येतं. सरांनी तेच तपासलं होतं. उमेशने, तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने, सगळं पुन्हा मोजलंही होतं. पण पट्टी भाविनीनेच लावून दिली होती.

हातातले बोंबील तिने टोपलीत टाकले, पुन्हा दोन उचलले आणि दोघांची तोंडं मुद्दाम एकाच बाजूला करून दोरीवर टाकले. ते घसरून वाळूत पडले. तिने पुन्हा टाकले. पुन्हा पडले.

"काय करतेस गो?" वेणू म्हणाली. "तसे राहतात काय? अशी कोण लावतं?"

"कोणीच नाही लावत?"

"मी तरी जन्मात नाही लावली. हातच नाही वळायचा." मग तिने लेकीकडे नीट पाहिलं आणि तिच्या हातातला बोंबील तसाच राहिला. "काय झालं? कोण गेलं काय?"

"कोणी नाही गेलं. आई, तुझा फोन दे."

भाविनीचा जुना फोन उन्हाळ्यात बोटीवरून पाण्यात गेला होता आणि त्यातले फोटोही. नोंदवहीत आकडे होते, आलेख होते, एका चिपचं सुबक चित्रही होतं, पण पट्टीचं चित्र नव्हतं. एक फोटो मात्र तिने आईला पाठवल्याचं तिला आठवत होतं. वेणू फोनमधलं काही म्हणजे काही पुसत नाही. गणपतीचे, वाढदिवसाचे, कुणाच्या तरी नातवाच्या जावळाचे, सगळे फोटो तिच्याकडे जन्मठेप भोगत असतात.

हात धुवायचं भान भाविनीला राहिलं नाही. माशाच्या बोटांनी ती वर वर सरकवत गेली. दिवाळी, गौरी, होळी, मागची दिवाळी. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. तिथे तो होता. खाली तिनेच लिहिलं होतं, "बघ, मी दिवसभर हेच करते."

तिने फोटो बोटांनी मोठा केला. तांब्याची पट्टी, मध्ये कणा. डाव्या चिपचा सोन्याचा ठिपका कण्याला टेकलेला. उजव्या चिपचा ठिपकाही कण्याला टेकलेला. डोक्याला डोकं.

ती वाळूत बसली. समोर बायजीचं तोंड हलत होतं, पण शब्द पोचत नव्हते. सहा वर्षं. अकरा जोड्या. जगातल्या कोणालाही न दिसलेली गोष्ट आपल्याला दिसली म्हणून ती एका दुपारी प्रयोगशाळेच्या जिन्यात एकटीच नाचली होती. ते टंगस्टन नव्हतंच. ते तिचेच दोन हात होते!

फोटोच्या खाली वेणूचा आवाजी मेसेज होता, बावन्न सेकंदांचा. त्याखाली भाविनीचे दोन हसरे चेहरे. हा मेसेज तिला आठवत होता. सुरुवातीला "जेवलीस काय, डब्यातली चटणी संपली काय" असलं काहीसं होतं आणि ती घाईत होती, तेवढंच ऐकून तिने चेहरे पाठवून दिले होते. पुढचे चाळीस सेकंद तिने ऐकलेच नव्हते.

आता तिने बोट ठेवलं. जेवण झालं, चटणी झाली, आणि मग चौदा महिन्यांपूर्वीची वेणू हसत हसत म्हणाली, "आणि हे काय गो? मुंबईला जाऊन पण बोंबीलच टांगतेस? एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे! बायजीला दाखवला फोटो, ती पण बोलली, बोंबलाची जोडी आहे ही. एवढी शिकलीस बाय, पण हात माझाच राहिला."

मेसेज संपला. वाऱ्याने दोरीवरचे बोंबील हलत होते.

"हां, हे मी बोललेली," समोरची वेणू कौतुकाने म्हणाली. "दिसतंच ना ते तसं."

दिसतंच ते तसं. निबंध तीन परीक्षकांनी वाचला होता, त्यांतल्या एकाने चार पानं शंका लिहून पाठवल्या होत्या, भट्टीच्या तापमानाबद्दल, थराच्या जाडीबद्दल, कशाकशाबद्दल. भाविनीने त्या चारही पानांना सणसणीत उत्तरं दिली होती. तेव्हा तिला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आता तिला त्या उत्तरांची इतकी लाज वाटली की कान तापले.

मग एक विचार आला, आणि तो आला हे इथे सांगायलाच हवं. हा फोटो जगात फक्त या एका फोनमध्ये होता. वेणूला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, बायजीला तर नव्हताच. परवा निबंध प्रसिद्ध होईल. दुसरं कोणी तसाच प्रयोग करून चूक शोधेपर्यंत दोन वर्षं जातील, तोवर ती जर्मनीत असेल आणि "आमच्या थरात काही वेगळं होतं" एवढं म्हणून मोकळी होईल. भाविनीने फोटोवर अंगठा दाबून धरला. वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं. आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

समोर वेणू पदराला हात पुसत उभी होती. हीच बाई पुढच्या आठवड्यात तलासरीला टोपली घेऊन बसेल आणि म्हणेल, माझ्या पोरीने लोखंडाला उलटं वागायला लावलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही म्हणेल. मरेपर्यंत म्हणेल. खोटं भाविनीचं आणि ते भर बाजारात सांगणार आई.

तिने अंगठा उचलला आणि उमेशला फोन लावला.

"उमेश, पट्टी कुठाय?"

"कपाटात. तुझी शेवटची जोडी अजून तशीच आहे. का?"

"फोटो काढून पाठव. आत्ता."

फोटो आला. सोन्याचे दोन ठिपके कण्याला नाक लावून बसलेले. फोटोखाली उमेश बराच वेळ काही लिहीत होता आणि पुसत होता. शेवटी दोनच शब्द आले, "अरे देवा."

"उजवीकडची काढून फिरव," भाविनीने कळवलं. "तारा नव्याने जोड आणि मोज."

"दोन तास लागतील."

लागले पाच. त्या पाच तासांत भाविनी काय करणार? टोपल्या भरलेल्या होत्या आणि मासळी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. ती बोंबील टांगत राहिली. प्रत्येक जोडीला तिचे हात आपोआप तेच करत होते आणि प्रत्येक वेळी ते पाहून तिला नव्याने धक्का बसत होता. आपल्याच मनगटांकडे ती परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. बायजी दोनदा काहीतरी गमतीचं बोलली आणि मग तीही गप्प झाली. जेवायला कोणी उठलं नाही.

सव्वादोनला उमेशचा फोन आला.

"फिरवली. दोन्ही एकाच बाजूला. तापवलेलीचा जोर कमी आहे, बाकी काही नाही. जुनीच गोष्ट, भाविनी. सगळ्यांना माहीत असलेली."

"आणि आधीच्या दहा जोड्या?"

"आधीच्या पण तूच लावलेल्यास ना," तो म्हणाला.

मनात कुठेतरी वाटत होतं की उमेश म्हणेल, तसं काही नाही, उत्तर अजूनही उलटंच येतंय. पाच तास ती त्याच एका वाक्याची वाट पाहत होती. ते येणार नाही हे आता ठरलं, तेव्हा ती रडली. तोंडावर हात ठेवून नाही, चांगली मोठ्याने. किनाऱ्यावरच्या बायका वळून पाहायला लागल्या.

वेणू तिच्याजवळ उकिडवी बसली. तिला सगळं कळलं नव्हतं, पण सकाळपासून ऐकलेल्या तुकड्यांतून एवढं कळलं होतं की छापून यायचं ते आता येणार नाही, परदेशाचंही काही खरं नाही, आणि हे सगळं बोंबलाच्या जोडीवरून झालंय. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे माझ्या हातामुळे झालं काय गो?"

भाविनीने सरांचा नंबर आधीच लावला होता. उत्तर द्यायच्या आत पलीकडून आवाज आला. मागे कपबश्या वाजत होत्या, माणसं हसत होती.

"बोल भाविनी. माझं चारला आहे. हॉल भरणार बहुतेक."

"सर, निकाल चुकीचा आहे."

"कुठला निकाल?"

"सगळाच." मग तिने सांगितलं. पट्टी, कणा, डोकी, तारा, उमेशने फिरवून मोजलेली चिप. एका दमात सांगितलं, कारण थांबली असती तर पुन्हा सुरुवात झाली नसती.

सर आधी म्हणाले, घाबरून काही बोलू नकोस. मग म्हणाले, व्होल्टेजचा आलेख मी स्वतः तपासलाय. मग म्हणाले, फोटो पाठव. तिने दोन्ही पाठवले. कपबश्यांचा आवाज दूर गेला. ते बहुधा बाहेर कुठे येऊन उभे राहिले होते.

"अकराच्या अकरा?" त्यांनी विचारलं. हा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"हो सर."

"जर्मनीवाल्यांनी तुला याच्यावर घेतलंय."

"माहीत आहे. त्यांना मी आज रात्री लिहिते. निबंध थांबवायला तुम्हाला लिहावं लागेल."

मग सर म्हणाले, "चारला मी उभा राहीन. स्लाईड तीच लावीन आणि हे दोन फोटो लावीन. लोकांना पाहू दे. तीन परीक्षक, उमेश आणि मी. पाच माणसांनी पाहिलं, भाविनी. पाच!"

"पाच जणांनी आकडे पाहिले, सर. पट्टी कोणी पाहिली नाही."

"मग पकडली कोणी चूक? मला नाव सांगावं लागेल."

भाविनीने आईकडे पाहिलं. वेणू अजून तशीच उकिडवी होती, ओले हात गुडघ्यांवर, लेकीच्या तोंडाकडे डोळे लावून.

"वेणू पागधरे."

"कुठल्या संस्थेत असतात?"

"संस्थेत नाही सर. माझी आई आहे. चिंचणीला बोंबील सुकवते."

मग त्यांनी हळूच विचारलं, "आज सकाळी लक्षात आलं त्यांच्या?"

"नाही सर," भाविनी म्हणाली. "गेल्या वर्षी ऑक्टोबरात. फोटो पाहिल्याबरोबर तिने कळवलं होतं. मी मेसेज पूर्ण ऐकला नव्हता."